आधी पुनर्वसन, मग नियम

सांगलीत पावसाळ्यात 'पाणी किती फुटावर आहे' एवढंच विचारलं की पुरतं. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत ती ५० च्या वर गेली, २०१९ मध्ये तर ५७ फूट ओलांडून गेली. पाणी ओसरलं की दर वेळी मागणी एकच असते : पूररेषेत बांधकाम नको. आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच पट्ट्यात नवे कॉलम उभे राहतात. मग चर्चा ठरलेल्या जागी येऊन थांबते. लोकशाहीत हे जमायचं नाही, मतं जातात, एखादा खमका अधिकारी पाठवा आणि बुलडोझर लावा.

हा निष्कर्ष मला पूर्ण चुकीचा वाटतो, आणि घातकही. लोकशाही देशांनी हवामानबदलासाठी केलेले कायदे पाहिले तर त्यातले बरेच टिकलेत आणि बरेच कोसळलेत. कोसळलेल्यांत एक गोष्ट वारंवार दिसते : बंधन आज, एका विशिष्ट माणसावर, फायदा उद्या, सगळ्यांचा, आणि मधला हिशोब कुणीच लिहिलेला नाही. अशा नियमाला विरोध होतो तो लोक अडाणी किंवा स्वार्थी आहेत म्हणून नव्हे. कृष्णा खोऱ्यातल्या धरणग्रस्तांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही त्यांची मागणी कोयनेसारख्या प्रकल्पांत पिढ्यानपिढ्या रेंगाळलेल्या पुनर्वसनातून आली. १९७६ मध्ये राज्याला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. हवामानासाठी करायच्या प्रत्येक नियमाला हीच कसोटी लावायला हवी. ज्याच्यावर बंधन येतं त्याला काय मिळणार, कोण देणार आणि कधी देणार, हे बंधनाच्याच आदेशात लिहिलेलं हवं.

पूररेषेपासूनच सुरुवात करू, कारण इथं सगळ्या चुका एकत्र दिसतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यामधे नियंत्रित क्षेत्र. २५ वर्षांतून एकदा हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. म्हणजे ३० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता साधारण ७१ टक्के होते, आणि लाल रेषेवरच्या घरासाठी २६ टक्के. हे गणितही जुन्या पावसाच्या नोंदींवरचं. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. कालच्या २५ वर्षांच्या रेषेवर उद्या किती वेळा पाणी येईल, याचं उत्तर जुन्या नोंदवहीत मिळणार नाही.

रेषा आखण्याचं काम तसं सरळ आहे. ठराविक अंतरावर नदीचे आडवे छेद घ्यायचे, त्या पुराचा विसर्ग धरून पाणी किती चढेल ते काढायचं आणि ती पातळी समोच्चरेषांवर, म्हणजे नकाशातल्या समान उंचीच्या रेषांवर, उतरवायची. अडचण याच्या पुढे आहे. जमीन समोच्चरेषांनी विकली जात नाही. ती गट नंबरानं, सिटी सर्व्हे नंबरानं विकली जाते. रेषा एखाद्या गटाला मधोमध कापते, त्या गटाचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे आधीच विकले गेलेले असतात, आणि घेणारा सातबारा पाहतो तेव्हा त्यावर पुराचा उल्लेखही नसतो. बँकेचा वकील तीस वर्षांचा टायटल सर्च काढतो, पण त्या जागेवर तीस वर्षांत किती वेळा पाणी आलं हे तो पाहत नाही. त्यात कुणी चार फूट भराव टाकून प्लॉट उंच करतो. नदीचा छेद तेवढा आवळतो, पाणी शेजारच्याच्या घरात जास्त शिरतं, आणि रेषा मात्र जुन्याच छेदावर राहते.

मग विकास आराखडा येतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. निळ्या रेषेत आलेल्या प्लॉटची किंमत एका रात्रीत शून्याजवळ येते, बदल्यात एक रुपया नाही. आयुष्याची बचत त्या दोन गुंठ्यांत घातलेला माणूस हरकत घेणारच. नगरसेवकाकडे जाणार, कोर्टात जाणार. त्याच्या जागी कुणीही हेच करील. त्याला भ्रष्ट व्यवस्थेचा भाग म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मग रेषा कायम वादातच अडकून राहते. केंद्रानं पूरक्षेत्राच्या नियमनासाठी आदर्श कायद्याचा मसुदा १९७५ मध्ये राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनीच तसा कायदा केला. महाराष्ट्रात रेषा मुख्यत्वे परिपत्रकांवर आणि बांधकाम नियमावलीवर चालते. त्या मसुद्यात भरपाईचाही विचार होता, त्यामुळे प्रश्नच माहीत नव्हता असं म्हणता येत नाही.

माझ्या मते क्रम उलटा लावायला हवा. आधी सुरक्षित उंचीवर मंजूर लेआउट तयार असावा, रस्ता, पाणी आणि वीज यांच्यासह. मग गटवार यादी निघावी : कोणता गट पूर्ण निषिद्ध, कोणता अंशतः, त्यातले मोकळे प्लॉट किती, राहती घरं किती. मोकळ्या प्लॉटला बदली प्लॉट. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे इथं न करता येणारं बांधकाम दुसरीकडे करण्याचा, विकता येणारा हक्क, देऊन सुटू, असा मोह होईल, पण तो पुण्या-मुंबईत चालतो कारण तिथं वरच्या मजल्यांना गिऱ्हाईक आहे. सांगली-मिरजेत तो कागद विकायला गेलं तर मालकाच्या हाती फार थोडं पडेल. राहत्या घरांवर हातोडा नको. त्यांना कायमचा एक पर्याय असावा : ज्या दिवशी मालक तयार होईल, त्या दिवशी पुराआधीच्या बाजारभावानं सरकार घर घेईल. पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यांत बरेच जण तयार असतात, आणि नेमक्या त्याच काळात सरकारकडे सानुग्रह अनुदानाशिवाय द्यायला काही नसतं. नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीवर, खाली फक्त पार्किंग, मीटर आणि स्विचबोर्ड पहिल्या मजल्यावर, भरावाला बंदी. शेवटी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आणि मिळकत पत्रिकेवर पूररेषेची नोंद, आणि जागेवर दगड. ही नोंद सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे, पण बदली प्लॉट तयार असण्याआधी केली तर पहिल्याच दिवशी मोर्चा निघेल आणि ती मागे घ्यावी लागेल.

नेदरलँड्सनं हे करून दाखवलं आहे. १९९५ च्या पुरात तिथं सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा देण्याचं धोरण त्यांनी घेतलं. ओव्हरडीपसे पोल्डर नावाच्या भागात शेतीची जमीन पुरासाठी मोकळी करायची होती. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा मांडला : उंच मातीचे चौथरे बांधा, घरं आणि गोठे त्यावर नेऊ, खालच्या जमिनीत पूर येऊ द्या. आठ कुटुंबं चौथऱ्यांवर राहिली, बाकीची मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. याला वर्षं लागली. पण बंधन तिथं प्रत्यक्षात आलं, मसुद्यातच राहिलं नाही.

आता सांगलीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोयना धरणाचा प्रश्न. धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि ते वीज व सिंचनासाठी बांधलेलं आहे. पूर सामावण्यासाठी वेगळी मोकळी जागा त्यात राखून ठेवलेली नाही. दर पुरानंतर सांगलीतून मागणी होते की जुलैअखेर धरण मोकळं ठेवा. मागणी रास्त आहे. पण दहा टीएमसी जागा मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर तोटा कुणाचा? वीज कंपनीचा, आणि टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या खानापूर, आटपाडी, तासगावच्या शेतकऱ्याचा. म्हणजे सांगलीच्या पेठेतला दुकानदार वाचावा म्हणून आटपाडीच्या डाळिंबवाल्यानं जोखीम घ्यायची. घ्यावी, असंच माझं मत आहे, पण ती लेखी आणि मोबदल्यासह. धरणाच्या परिचालन आराखड्यातच लिहावं की अमुक तारखेला अमुक पातळी, आणि त्यामुळे धरण भरलं नाही तर उपशाच्या बिलातला शेतकऱ्याचा १९ टक्के वाटा त्या वर्षी राज्य भरेल. ८१ टक्के राज्य आधीच भरतं. एवढं लिहिलेलं असेल तर ऑगस्टमधल्या त्या दोन रात्री दार उघडायचं की नाही, याचा निर्णय अभियंत्याला एकट्यानं आणि घाबरत घ्यावा लागणार नाही. कर्नाटकशी अलमट्टी धरणाचा वाद लवादाच्या पातळीवरचा आहे, त्याला जिल्ह्यात उत्तर नाही. म्हणून जिल्ह्यात जे करता येतं तेही थांबवून ठेवणं मात्र पटत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला हाच पेच डोंगरावर आहे. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर केंद्रानं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा काढली. सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली, वायनाडमधली दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्राचं १७ हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त क्षेत्र त्यात आहे; पाटण, जावळी, महाबळेश्वर इथली गावंही. प्रत्येक वेळी साठ दिवसांत हरकती, मग मुदत संपते, मसुदा गळून पडतो, नवा निघतो.

मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल गटातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामं यांवर. शेती किंवा घराची दुरुस्ती बंद होत नाही. तरी पाटणच्या वाडीवस्तीवर समज असा की घराचं छप्पर बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल. हा गैरसमज आहे असं सांगून भागत नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. याच लोकांनी कोयना धरणासाठी जमीन दिली. मग अभयारण्य आलं, मग चांदोली राष्ट्रीय उद्यान, मग २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक वेळी कागदावर लिहिलेलं आणि हातात पडलेलं यात अंतर राहिलं. चौथ्या-पाचव्या कागदावर ते विश्वास का ठेवतील? आणि जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या त्या याच तालुक्यात. ज्यांना नियमाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच त्याला सर्वांत जास्त घाबरतात.

गाडगीळ समितीचा आग्रह होता की ग्रामसभांनी चर्चा करून क्षेत्र ठरवावं. हा भाग पुढे बाजूला पडला, आणि माझ्या मते सगळी गाडी तिथंच रुतली. कास पठार पाहा. तिथं फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे, नोंदणी ऑनलाइन होते, आणि शुल्क गोळा करण्यापासून राखणीपर्यंतचं काम आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीतर्फे चालतं. बंधन आहे, पण त्यातून येणारं उत्पन्न आणि रोजगार गावात राहतो. त्यात वाहतूक, कचरा, गर्दीच्या वाटपावरून कुरबुरी आहेत आणि राहतील. पण मर्यादा असावी की नसावी, हा वाद तिथं मिटलेला आहे. घाटमाथ्यावरचा उतार न तोडण्याबद्दल, पाणलोटातली झाडी राखण्याबद्दल खालच्या धरणाच्या उत्पन्नातून गावनिहाय वार्षिक रक्कम ठरली, तर अधिसूचनेला सातव्यांदा मसुदा म्हणून निघावं लागणार नाही.

हेच तत्त्व बाहेर तपासून पाहता येतं, आणि स्वित्झर्लंड त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. तिथं कायद्यावर थेट सार्वमत होतं. जून २०२१ मध्ये कार्बन कायदा ५१.६ टक्के मतांनी पडला. त्यात इंधन महागणार होतं, विमानाच्या तिकिटावर कर येणार होता. दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, त्याच मतदारांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा कायदा ५९ टक्के मतांनी मंजूर केला. लोक बदलले नव्हते. नव्या कायद्यात जुनी तेल-वायूची हीटर बदलण्यासाठी दहा वर्षांत दोन अब्ज फ्रँक ठेवले होते.

पण पैसे परत दिले की काम झालं, एवढंही ते सोपं नाही. कॅनडानं इंधनावर कार्बन शुल्क लावलं आणि त्यातला मोठा वाटा घरोघरी परत दिला. बहुतेक सामान्य कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळत होतं. तरी विरोध वाढत गेला आणि एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकावरचं शुल्क काढून टाकलं गेलं. सुरुवातीला परतावा प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून मिळायचा, नंतर तिमाही जमा होऊ लागला. पंपावरचा भाव मात्र रोज दिसायचा. मिळालेला पैसा कशाचा हे खातेदाराला कळत नसेल, तर राजकारणात त्याचा उपयोग शून्य. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले, तेव्हा तर परताव्याची अशी सोयही नव्हती. शहराबाहेर राहणाऱ्या, गाडीशिवाय कामावर जाता न येणाऱ्या माणसावर डिझेलचा कर पडत होता.

निवडणुकीच्या पाच वर्षांपलीकडे नियम कसा टिकवायचा, याचं उत्तर ब्रिटननं दिलं. २००८ चा हवामान कायदा हाउस ऑफ कॉमन्समध्ये अंतिम वाचनात ४६३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. पाच-पाच वर्षांचं उत्सर्जनाचं अंदाजपत्रक, ते बरीच वर्षं आधी ठरवणं, तज्ज्ञांची स्वतंत्र समिती, तिचा दर वर्षी संसदेला अहवाल, आणि सरकारनं त्याला उत्तर देण्याची सक्ती. सरकारं बदलली, पंतप्रधान बदलले, पण २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये न्यायालयानं सरकारचा आराखडा अपुरा ठरवला, तो याच कायद्याच्या आधारानं. भारतात असा एकछत्री कायदा नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांत असल्याचं मान्य केलं. हक्क मान्य झाला, पण तो बजावणारी यंत्रणा अजून उभी राहायची आहे.

आपल्याकडे उत्सर्जनाच्या बाजूनं सर्वांत मोठा विषय ऊस आणि वीज. उसाला पाटानं भरमसाट पाणी देणं, त्यासाठी तासन्‌तास पंप चालवणं, वाळवा-मिरज-पलूस भागातली क्षारपड जमीन, या सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. राज्यानं २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचा निर्णय घेतला. तो शेतावर फारसा उतरला नाही, कारण सक्ती होती आणि मोजमाप नव्हतं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. ही सवलत काढून घ्या असं म्हणणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. तो कुठलंही निवडून आलेलं सरकार ऐकणार नाही, आणि कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्यासाठी ऐकूही नये.

पंजाबनं २०१८ मध्ये वेगळी वाट घेतली. वीज मोफतच, पण ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वापरली तर वाचलेल्या प्रत्येक युनिटला ४ रुपये थेट खात्यात. इथं हिशोब लावून पाहा. ५ अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की ३० युनिट. ठिबकमुळे तिसरा हिस्सा वाचला तर दिवसाला १० युनिट, ४० रुपये. वर्षात २०० दिवस धरले तर ८ हजार रुपये आणि २ हजार युनिट, म्हणजे आजच्या ग्रिडच्या हिशोबानं सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड. यात बिघडतं ते मीटरशी. मीटर जळतो, बायपास होतो, किंवा रीडिंगच होत नाही आणि अंदाजानं युनिट धरले जातात. म्हणून आधी फिडरवर मोजमाप, मग रोहित्रावर, मग पंपावर, असाच क्रम हवा. बचतीचे पैसे ऊसबिलाच्याच महिन्यात, वेगळ्या नावानं जमा व्हावेत. कॅनडाची चूक इथं करायला नको.

उसाच्या पाचटाचंही तसंच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट असतं. शेतकरी ते पेटवतो कारण खोडव्याच्या मशागतीत अडतं, कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळत नाही, आणि पाण्याची पाळी चुकते. दंडाची पावती फाडायला गावात माणूस कुठून आणणार? त्यापेक्षा साखर कारखान्याचा वजनकाटा हीच नियमनाची जागा आहे. प्रत्येक ऊस तिथूनच जातो, सोसायटीची कपात तिथंच होते. कारखान्यानं तोडणीच्या आठवड्याभरात कुट्टी यंत्र पाठवायचं, सोबत हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन द्यायचं. हे सगळं मिळूनही ज्यानं पेटवलं, त्याच्या पुढच्या बिलातून कपात. हजारो बांधांवर पहारा ठेवण्यापेक्षा काही डझन कारखान्यांकडून हिशोब घेणं कितीतरी सोपं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे : पूररेषेत ज्यानं जाणूनबुजून घर बांधलं, त्याला बदली जागा देणं म्हणजे नियम मोडणाऱ्याला बक्षीस. म्हणून तारीख हवी. गटवार यादी प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापर्यंतचे मालक पात्र, त्यानंतरचा एकही नाही, आणि ज्यानं प्लॉट पाडून विकले त्या विकासकाकडून वसुली.

दुसरा आक्षेप पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीचा २० टक्के हिस्सा आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी राखून ठेवला. तो भिंती आणि गॅबियन (दगड भरलेल्या जाळ्या) यांवर खर्च करणं यंत्रणेला सोपं जातं, कारण त्याचं टेंडर निघतं. बदली प्लॉटचं टेंडर निघत नाही. सांगलीच्या जिल्हा नियोजन समितीनं निळ्या रेषेतल्या एका वस्तीपासून, समजा सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरपासून, सुरुवात करायची ठरवली तर पहिल्या वर्षात तीन कामं होऊ शकतात : गटवार यादी, उंचावरची जागा, आणि तिथल्या लेआउटची मंजुरी. रेषेची अधिसूचना दुसऱ्या वर्षी काढावी, पहिल्या पन्नास कुटुंबांच्या हातात प्लॉटचा ताबा पडल्यानंतर.